पत्र्याखालची दुपार

आपलं बाळकुम खाडीकाठचं. इथे नागपूरसारखा पारा चढत नाही, पण अंगावरचा घाम वाळत नाही. म्हणून हप्त्यावर कूलर घ्यायच्या आधी थांबा. पाण्याचं बाष्प होताना हवा गार होते, पण त्यासाठी हवा कोरडी लागते. आपल्याकडे कूलर घर नुसतं दमट करतो. आमच्यातल्या दोघींच्या कूलरवर आता घड्या केलेले कपडे असतात!

दुपारची खरी धग वरून येते, तेव्हा पैसा छपरावर घाला. स्लॅब असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये धुऊन घ्या, भिजवलेला चुना गाळून त्यात थोडा फेविकॉल घाला आणि दोन हात द्या. पांढऱ्यावरून ऊन परत फिरतं. पावसात चुना धुपतो, त्यामुळे हे दरवर्षीचंच काम. डोळ्यांत चुना गेला तर नजरेवर बेतू शकतं. चष्मा, हातमोजे घालाच.

सिमेंटच्या पत्र्यालाही चुना चालतो, पण तो पत्रा खरवडू नका. जुन्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसते. पाणी मारून मऊ झाडूने साफ करा. वर पाय देऊ नका, पत्रा फुटतो. शिडीवरूनच हात पोचेल तेवढं करा, बाकी कारागिराला सांगा. लोखंडी पत्र्याला चुना नको, तो जस्ताचा थर खातो. गंज काढून जस्ताच्या पत्र्याला चालणारा बाहेरचा पांढरा रंग लावा.

आणि पंखा रेंगाळतोय? बऱ्याचदा कंडेन्सर गेलेला असतो. मेन स्विच बंद करून वायरमनकडून बदलून घ्या. नवा पंखा घेण्याची घाई नको.