कान ठणकतोय? आधी घसा बघा!

कोजागरीला तुळजापूरला चालत जाऊन आलेली निम्मी पेठ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घसा धरून बसते. रात्रभराचा गारवा, रस्त्यावरची धूळ, जागरण आणि उदोकार. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर चालल्यावर घसा बसला तर नवल नाही. नवल वाटतं ते पुढचं. "घसा दुखतोय ते कळतंय हो वहिनी, पण कान का ठणकतोय?" हा प्रश्न आमच्या भवानी पेठेत दर थंडीत ऐकू येतो. मग कुणी लसणीचं तेल कडवतं, कुणी कापूस कोंबतं, कुणी घरात पडून असलेली कानाची औषधाची बाटली शोधून काढतं. कानावर असे सगळे उपाय होतात आणि घसा बिचारा तसाच राहतो.

मैत्रिणींनो, कान आणि घसा हे सख्खे शेजारी आहेत. घशाच्या वरच्या भागातून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती उघडते आणि कानात हवा खेळती राहते. सर्दी-पडशाने घसा सुजला की नळीचं तोंड बंद होतं, कान भरल्यासारखा वाटतो, दडे बसतात, दुखतो. लहान मुलांची ही नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून त्यांना सर्दी झाली की कान लगेच धरतो. (बाळाला झोपवून बाटलीने दूध पाजू नका असं सांगतात, त्याचं एक कारण हेच.)

दुसरं कारण गमतीचं आहे. टॉन्सिल, जिभेची मागची बाजू आणि मधला कान या सगळ्यांच्या वेदना मेंदूकडे नेणारी नस एकच आहे. एकाच बोळातून दोन घरांची माणसं बाहेर पडावीत आणि लांबून बघणाऱ्याला कोण कुठल्या घरातलं ते कळू नये, तसं मेंदूचं होतं. दुखणं टॉन्सिलमध्ये असतं, मेंदू म्हणतो कान दुखतोय. अक्कलदाढ किडली तरी असाच घोळ होतो.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर कानाची पाळी हलकेच ओढून बघा. त्याने कळ वाढली तर दुखणं बहुधा कानाच्या बाहेरच्या नळीतच आहे. पाळी ओढून काही होत नाही, पण आवंढा गिळला की कानात सणक जाते, असं असेल तर घशाकडे संशय जातो. हा नुसता अंदाज, बरं का. कान आतून बघायला डॉक्टरांचीच दुर्बीण लागते.

आता उपाय. बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते आणि आठवड्याभरात आपोआप बरी होते. तिला अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या, गरम पेज, हळदीचं दूध आणि आवाजाला विश्रांती एवढं पुरतं. मध चाटवायला हरकत नाही, फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात देऊ नका. दुखणं आणि ताप यांना पॅरासिटामॉल चालतं. मुलांना ते वजनाप्रमाणे द्यायचं असतं आणि सिरपच्या बाटल्या १२५ आणि २५० अशा वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, तेव्हा मोठ्याची बाटली धाकट्याला घरातल्या चमच्याने पाजू नका. मुलांना अ‍ॅस्पिरिन नको. कानाला बाहेरून कोरड्या फडक्याचा शेक द्या, बरं वाटतं.

तेल मात्र नको! आजीने घातलेलं असो की शेजारच्या अक्कांनी. पडद्याला भोक पडलेलं असेल तर ते तेल थेट आत जातं आणि बुरशी धरते ती वेगळीच. पिन, काडी आणि रस्त्यावर कान साफ करून देणाराही नको.

घसेदुखीचा एक प्रकार मात्र अंगावर काढायचा नाही. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला एकदम ताप, गिळता येत नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्याशी दुखऱ्या गाठी, आणि खोकला-सर्दी नाही, असं असेल तर ते जिवाणूंचं काम असू शकतं. यावर उपचार अर्धवट राहिले तर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि काही मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. मग वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन! म्हणून डॉक्टरांनी दहा दिवसांचा कोर्स दिला तर दहाच दिवस. तिसऱ्या दिवशी पोरगं खेळायला लागलं म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायची आपली काटकसर इथे महागात पडते. मेडिकलवाल्याकडून सांगून आणलेल्या चार गोळ्यांचंही तेच.

लाळ गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा आवाज येतो, श्वासाला घरघर आहे, कानामागे सूज येऊन कान पुढे आलाय, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. कानातून पू आला किंवा ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर दुसऱ्या दिवशी तरी नक्की.

हे झालं चार दिवसांच्या दुखण्याचं. खरं सांगायचं ते महिनोन् महिने चालणाऱ्या दुखण्याबद्दल.

आमच्या भागात विड्या वळणाऱ्या बायका पुष्कळ. दिवसभर मांडीवर सूप, सुपात तंबाखू. घशात खवखव कायमचीच, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्यात सकाळी उठल्यावर मिश्री. दाढ दुखते म्हणून एकदा लावली की ती दिवसातून चार वेळा कधी होते ते कळत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, पण मिश्री तर तव्यावर घरातच भाजली जाते. ओळखीतल्या एका पन्नाशीच्या बाईंचा डावा कान चार महिने दुखत होता. तीन वेळा ड्रॉप्स बदलून झाले. कान बघितला की स्वच्छ! शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा बघितला, तेव्हा जिभेच्या मुळाशी जखम सापडली. कर्करोग होता.

कानात काही दिसत नाही आणि एकाच बाजूचा कान तीन आठवड्यांहून जास्त दुखतोय, त्याबरोबर आवाज बसलाय, घास अडकतो, थुंकीत रक्त येतं, गळ्याला न दुखणारी गाठ आहे किंवा तोंडातला छाला बरा होत नाही, असं असेल तर ड्रॉप्स बाजूला ठेवून घसा दाखवा. तंबाखू किंवा मिश्री घेणाऱ्या बाईने तर आणखी एक आठवडाही थांबू नये. सोलापुरात सिव्हिल म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात कान-नाक-घशाची ओपीडी आहे. पुढचे उपचार लागले तर जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आहे. याच बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेव्हा मुंबईलाच जावं लागणार, या धास्तीने घरी बसायचं कारण नाही.

अडचण दवाखान्याची कमी आणि सांगण्याची जास्त असते. बरोबर सासूबाई नाहीतर जावई आलेले असतात, त्यांच्यासमोर बाई मिश्रीचं नाव काढत नाही. डॉक्टरांनी विचारलं तरी "नाही" म्हणून मान हलवते. अशा वेळी बरोबरच्यांना दोन मिनिटं बाहेर बसवायला सांगता येतं, डॉक्टर ऐकतात. किती वर्षं, दिवसातून किती वेळा आणि गालाच्या कोणत्या बाजूला, एवढं तिने सांगितलं तरी कुठे बघायचं ते त्यांना समजतं.