इंटरनेटचे दोन निरोपे

परीक्षेचा निकाल तुम्ही मोबाइलवर पाहता. परगावच्या मामांशी व्हिडिओवर बोलता. ही दोन्ही कामे इंटरनेटवर होतात; पण त्यांचे निरोपे बहुधा वेगवेगळे असतात. एकाचे नाव टीसीपी, दुसऱ्याचे यूडीपी. हे निरोपे म्हणजे माणसे नव्हेत. ते माहिती पाठवण्याचे ठरलेले नियम आहेत. अशा नियमांना प्रोटोकॉल म्हणतात.

इंटरनेटवरून माहिती सलग जात नाही. तिचे लहान लहान तुकडे करतात. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. वाटेत गर्दी झाली, की काही पॅकेटे हरवतात. काही मागेपुढे पोहोचतात.

टीसीपी फार दक्ष आहे. तो आधी पलीकडच्या संगणकाशी संपर्क साधतो. मग तुकड्यांना क्रमांक देऊन ते पाठवतो. पोच आली नाही, तर तुकडा पुन्हा पाठवतो. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७४ साली ही कल्पना मांडली. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने टीसीपीचा स्वीकार केला.

यूडीपीचे नियम १९८० साली ठरले. तो घाईत असतो. आधी संपर्क साधत नाही, पोचही मागत नाही. पॅकेट पाठवले, की त्याचे काम संपले.

मग असा निरोप्या काय कामाचा? विचार करा. मामा बोलत आहेत. त्यांच्या आवाजाचा एक बारीक तुकडा हरवला. टीसीपी तो पुन्हा मिळेपर्यंत पुढचे बोलणे अडवून ठेवील. यूडीपी मात्र थांबणार नाही. आवाज किंचित तुटेल, पण अर्थ कळेल. उशिरा आलेल्या तुकड्याचा तेथे उपयोग नसतो.

निकालाचे तसे नाही. ७८ गुणांमधला ७ हरवला, तर केवढा घोटाळा होईल! तेथे क्षणभर थांबलेले बरे.

२०२१ साली क्विक नावाच्या नव्या प्रोटोकॉलचे नियम प्रसिद्ध झाले. तो यूडीपीवर चालतो; पण क्रमांक आणि पोच स्वतः सांभाळतो.

म्हणून दोघांत श्रेष्ठ कोण, असे विचारू नये. काम कोणते, ते आधी पाहावे. आता तुम्हीच सांगा, परीक्षेचा अर्ज पाठवायचा असेल, तर तुम्ही कोणाला हाक माराल?