शास्त्रीय गायन आणि हेडफोनची निवड

परीक्षेचा निकाल लागला किंवा वाढदिवस जवळ आला, म्हणजे मुलें आईबापांपाशीं ज्या वस्तूंसाठीं हट्ट धरतात, त्यांत हल्लीं हेडफोन बहुधा असतोच. (यास मराठींत चांगला शब्द अद्याप रूढ झालेला नाहीं, म्हणून आम्हीही हाच वापरतों.) दुकानदार तो कानांस लावून देतो, एखादें दणदणीत गाणें मोठ्यानें सुरू करतो आणि गिऱ्हाईक खूष होऊन पैसे मोजतें. परंतु ज्या घरांत सकाळीं तोडी-भैरव ऐकण्याचा परिपाठ आहे, किंवा ज्या विद्यार्थ्यानें नुकताच गायन शिकण्यास आरंभ केला आहे, त्यानें अशा रीतीनें निवड केल्यास त्याची फसगत होण्याचा संभव फार.

हेडफोनची रचना मूळची साधी आहे. त्यांत एक लोहचुंबक असून त्याच्या क्षेत्रांत बारीक तारेचें वेटोळें एका पातळ पडद्यास चिकटविलेलें असतें. वेटोळ्यांतून वाहणारा विजेचा प्रवाह जसजसा बदलतो, तसतसा पडदा मागें-पुढें हालतो व जवळची हवा कंप पावते. अमेरिकेंतील नॅथॅनिएल बॉल्डविन यांनीं १९१० च्या सुमारास तेथील आरमारास जे हेडफोन करून दिले, ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठीं होते. संगीताशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. दोन्ही कानांस वेगवेगळा ध्वनि देणारा व घरीं संगीत ऐकण्यास योग्य असा हेडफोन जॉन कॉस यांनीं १९५८ सालीं पुढें आणला. मनुष्याच्या कानास दर सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. या सर्व टापूंत ध्वनि मुळांत जसा असेल तसाच देणें, कोणताही भाग फुगवूं नये अथवा दाबूं नये, हें चांगल्या हेडफोनचें लक्षण होय. डब्यावर छापलेले आंकडे पाहून हें कळत नाहीं. बहुतेक सर्व डब्यांवर तेच आंकडे असतात.

मग परीक्षा कशानें करावी? आमच्या मतें तंबोऱ्यानें. गायकाचा षड्ज काळी एकचा असेल, तर तंबोऱ्याची खर्जाची तार दर सेकंदास सुमारें ६९ कंपनें करते. परंतु ती एकटी बोलत नाहीं. तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर तिच्याबरोबर उठतात, आणि पांचपट कंपनांचा, म्हणजे सुमारें ३४६ कंपनांचा उपस्वर हा गंधार असतो. तो कोणी छेडीत नाहीं, तरी ऐकूं येतो. म्हणून गवई त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. घोडीवरील जवारी आणि तिच्यावर तारेखालीं सरकविलेला सुताचा दोरा यांच्या योगानें हे उपस्वर विलक्षण खुलतात. तार जेथें छेडावी तेथें ज्या उपस्वराचा स्थिर बिंदु येतो, तो उपस्वर सामान्य नियमाप्रमाणें उमटूं नये; तंबोऱ्यांत मात्र तोही उमटतो, ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिली. मिरजेचे कारागीर जवारी घासून काढण्यांत किती वेळ घालवितात, हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस तिचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

आतां असा हेडफोन घ्या कीं, ज्यांत खालचे स्वर मुद्दाम फुगविलेले आहेत. बाजारांत असेच पुष्कळ. त्यांत खर्ज व डग्गा घुमूं लागतात, गंधार बुडतो, आणि मंद्र सप्तकांत आलाप करणाऱ्या गायकाचा आवाज गोधडी पांघरल्यासारखा येतो. उलट वरचे स्वर टोकदार केलेले असतील, तर तंबोरा पत्र्यासारखा वाजतो व ‘स’कार कानांत टोंचतात. म्हणून चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याचें, विलंबित ख्यालाचें, आपल्या ओळखीचें ध्वनिमुद्रण दुकानांत नेावें, आवाज अगदीं मंद ठेवावा, आणि गायकाच्या मागें तंबोरा सुटा ऐकूं येतो कीं नाहीं तें पाहावें. मंद आवाजांतही ज्यांत गंधार जाणवतो तो हेडफोन घ्यावा.

मंद आवाजाचा एवढा आग्रह कां? पहिलें कारण असें कीं, मोठा आवाज परीक्षकास फसवितो. फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, आवाज लहान असतां कानास खालचे स्वर कमी ऐकूं येतात व तो वाढविला कीं ते भरदार वाटतात. म्हणजे दोहोंपैकीं जो जरा मोठ्यानें वाजेल तोच सरस भासतो. दुसरें कारण अधिक गंभीर आहे. अंतःकर्णांतील ज्या सूक्ष्म केसाळ पेशींच्या योगानें आपण ऐकतों, त्या एकदां नाश पावल्या म्हणजे मनुष्याच्या शरीरांत पुन्हां उत्पन्न होत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणें प्रौढानें ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांपेक्षां अधिक ऐकूं नये. मुलांसाठीं हीच मर्यादा ७५ डेसिबलची आहे. दर ३ डेसिबल वाढले कीं वेळ निम्मा होतो, म्हणून ९० डेसिबलला प्रौढासही आठवड्याचे चारच तास उरतात. ज्याचे वरचे स्वर ऐकणारे तंतू पंचविशींतच झिजले, त्यास पुढें कितीही किंमतीचा हेडफोन जवारी ऐकवूं शकणार नाहीं. पालकांनीं मोबाईलमध्यें आवाजाची मर्यादा बांधतां येत असल्यास ती बांधून द्यावी.

ऐकण्याची जागाही विचारांत घ्यावयास हवी. पाठीमागून जाळी असलेल्या उघड्या हेडफोनांत ध्वनि मोकळा, मैफलींत बसल्यासारखा येतो. पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकणारांसही तेच मानवतात. परंतु ते शांत खोलीसाठीं. रस्त्यालगतच्या घरांत किंवा लोकलच्या डब्यांत बाहेरचा गोंगाट आंत शिरतो, आणि तंबोरा ऐकूं यावा म्हणून मनुष्य नकळत आवाज चढवितो. तेथें बंद पाठीचा, अथवा बाहेरील ध्वनीच्या उलट लाटा निर्माण करून तो गिळून टाकणारा हेडफोन बरा. तो लावून रस्ता मात्र ओलांडूं नये.

जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या शोकिनांनीं फार खर्च करूं नये, असें आम्हांस वाटतें. अब्दुल करीम खां किंवा केसरबाई केरकर यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत वरचे स्वर मुळांतच थोडे उतरले आहेत. अति सूक्ष्म हेडफोन त्यांतील खरखरच अधिक स्पष्ट करतो. केसरबाईंचें गाणें १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेलें, त्यास असल्या उपकरणाची अडचण पडली नाहीं!

बिनतारी हेडफोन सोयीचे खरे. पण त्यांत बहुधा ध्वनि आकसून पाठविला जातो आणि तो किंचित् उशिरां पोहोंचतो. नुसतें ऐकणारास हा उशीर कळतही नाहीं. स्वतःचा आवाज मोबाईलमधून त्याच हेडफोनांत ऐकत रियाज करणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र तो जाणवतो. तितक्याच पैशांत तारेचा हेडफोन बहुधा सरस मिळतो. शेवटीं, तो निदान वीस मिनिटें डोक्यावर ठेवून पाहावा, चष्मा असल्यास चष्म्यासकट. आणि कानावरच्या गाद्या बदलून मिळतात कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वींच विचारून घ्यावें, कारण आपल्याकडील घामानें सर्वांत आधीं त्याच फाटतात.