दोन नादांचा हिशेब

मराठीत ‘नाद’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक ध्वनी आणि दुसरा छंद किंवा वेड. पहिल्या अर्थाने तो शब्द आपण आदराने उच्चारतो. दुसऱ्या अर्थाने मात्र ‘नादी लागला’ असे म्हटले की मुलगा हातचा गेला, असेच घरच्यांना वाटू लागते. आणि एकाच मुलाला दोन नाद लागले, तर मग विचारावयासच नको. दोन वर्षांपूर्वी अशाच एका विद्यार्थ्याला मी एक सल्ला दिला होता. तो चुकीचा होता, असे आज मला वाटते. आपल्यापैकी बहुतेक शिक्षक व पालक हाच सल्ला रोज देत असतात. म्हणून त्याची जाहीर तपासणी करणे उपयोगाचे होईल.

हा विद्यार्थी वाणिज्य शाखेचा. वडील कारकून, चुलते ढोलकीवादक. नारायणगावच्या परिसरात याचे कोणाला नवल वाटत नाही. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. जत्रांचा हंगाम तोंडावर आला की तमाशाच्या फडांच्या राहुट्या येथे उभ्या राहतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी देण्यासाठी येतात. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाच्या बोटांत ठेका असावा, हे स्वाभाविकच होते. परंतु याला सरळ ठेक्यावर समाधान नव्हते. ढोलकीवरील एकच थाप ध्वनिमुद्रित करावी, ती संगणकावर ताणावी, उलटी करावी, तिचे तुकडे करून पुन्हा निराळ्या क्रमाने जुळवावेत, असे त्याचे प्रयोग चालत. त्यासाठी कोणीतरी टाकून दिलेल्या जुन्या संगणकावर त्याने लिनक्स, म्हणजे युनिक्सच्या वळणाची प्रणाली, बसवून घेतली होती. आणि त्यापुढे तो रात्र रात्र जागत असे. चुलत्यांना यात ढोलकीची विटंबना दिसे आणि वडिलांना वेळेची नासाडी. पहिल्या वर्षी ‘गणित व सांख्यिकी’चा पेपर राहिला, तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, दोन्ही जमत नाही. काय सोडू?”

अर्थशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात आम्ही शिकवितो की, एका गोष्टीला दिलेला तास हा दुसऱ्या गोष्टीचा गमावलेला तास असतो. ते सूत्र मी तेथल्या तेथे लावले आणि सांगितले, “ढोलकी पदवीपर्यंत खुंटीला टांगून ठेव. संगणक निदान पोटाला उपयोगी पडेल.” मुलाने ते मुकाट्याने ऐकले.

आठ महिन्यांनी मी त्या सल्ल्याचा ताळेबंद मांडला. ढोलकीचे रोजचे दोन तास वाचले होते, हे खरे. पण ते अभ्यासाच्या खात्यात जमा झालेले दिसेनात, संगणकाच्याही खात्यात दिसेनात. तो संगणकापुढे बसे, परंतु करावयाचे काय, हेच त्याला सुचत नसे. ज्या प्रश्नासाठी तो युनिक्स शिकू लागला होता, तो प्रश्नच मी काढून घेतला होता.

खोडदची भेट

फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने आम्ही विद्यार्थ्यांना खोडदला नेले. नारायणगावाच्या पूर्वेला सुमारे दहा किलोमीटरवर असलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण आपल्या भागातील सर्वांनी लांबून पाहिलेली असते. तिच्यात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांतील 14 मध्यभागी जवळजवळ आहेत, तर उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरल्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप (1929–2020) यांची ही कल्पना. तबकडी भरीव पत्र्याची न करता पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीची करावयाची, ही त्यातील खरी युक्ती. त्यामुळे वजन घटले, वाऱ्याचा मारा कमी झाला आणि खर्चही आटोक्यात राहिला. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात 435. प्रत्येक जोडीकडून आलेले संकेत एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. पूर्वी हे काम खास बनविलेली यंत्रे करीत. 2010 च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहाकडे सोपविण्यात आले. हे संगणक लिनक्सवरच चालत होते.

परंतु आमच्या या मुलाचे लक्ष वेधले ते स्पंदक ताऱ्यांनी, ज्यांना ‘पल्सार’ म्हणतात त्यांनी. हे तारे स्वतःभोवती फिरताना ठराविक अंतराने रेडिओ लहरींचा झोत आपल्याकडे टाकतात. तो ध्वनी नव्हे, कारण अंतराळात ध्वनी प्रवास करू शकत नाही. पण त्या स्पंदांची वेळ घेऊन तिचा ठोका तयार करता येतो. एका परिचित पल्सारचा फेरा 0.714 सेकंदाचा आहे, म्हणजे मिनिटाला 84 ठोके. हे ऐकताच मुलाने मांडीवर बोटांनी ठेका धरला. कर्क अभ्रिकेतील पल्सार सेकंदाला सुमारे 30 वेळा स्पंदतो, तर 1982 मध्ये सापडलेला एक पल्सार सेकंदाला 642 वेळा.

पंधरा दिवसांनी त्याने मला घरी बोलावले. त्याने लिहिलेला कार्यक्रम प्रथम मिनिटाला 84 ठोके देऊ लागला. त्यावर तो ढोलकी वाजवू लागला. हळूहळू लय वाढली. सेकंदाला अकरा ठोके झाले तेव्हा नुसती फडफड ऐकू येऊ लागली. विसाच्या पुढे ठोके वेगळे ओळखू येईनात, त्यांची एक घरघर झाली. आणि 642 ला पोहोचल्यावर एक स्पष्ट, स्थिर सूर उभा राहिला. लय वाढत वाढत सुरात विरघळून गेली होती. कंपनसंख्येचे जे प्रकरण पाठ्यपुस्तकात मी कधीकाळी पाठ केले होते, ते मला त्या दिवशी प्रथम कानांनी कळले.

तेवढ्यात चुलते आत आले. थोडा वेळ ऐकून म्हणाले, “तुझ्या यंत्राची थाप उशिरा पडते रे.” मुलाने तपासले. ध्वनिमुद्रित थापेच्या आरंभी किंचित शांतता राहून गेली होती. पडद्यावर जी चूक त्याला आठवडाभर दिसली नव्हती, ती तीस वर्षांच्या रियाजाने तयार झालेल्या कानाने मिनिटभरात पकडली.

नाते जुने आहे

या दोन विद्यांचे नाते कोणा एका मुलाच्या डोक्यातून निघालेले नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने 1957 मध्ये संगणकाकडून सूर काढविणारा कार्यक्रम लिहिला. त्याच प्रयोगशाळेत 1969 मध्ये केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. युनिक्सचे मूळ तत्त्व असे की, प्रत्येक कार्यक्रमाने एकच काम करावे, पण ते नीट करावे. आणि एकाने दिलेले फळ दुसऱ्याच्या हाती जसेच्या तसे देता यावे. डग्लस मॅकिलरॉय यांनी यासाठी बागेला पाणी देण्याच्या नळीचा दाखला दिला होता: तुकड्याला तुकडा जोडावा आणि पाणी पुढे न्यावे. 1973 मध्ये ही सोय युनिक्समध्ये प्रत्यक्षात आली. ध्वनी हीही तेथे आकड्यांची एक रांगच असते. तबकडीवरील संगीतात सेकंदाला असे 44,100 आकडे असतात. एक कार्यक्रम ते निर्माण करतो, दुसरा बदलतो, तिसरा ध्वनिक्षेपकाकडे पाठवितो. ज्याने तमाशात ढोलकी, तुणतुणे, झांज आणि हलगी यांना आपापले मोजके काम करून एकत्र रंग भरताना ऐकले आहे, त्याला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही.

बँकांतील जुन्या कर्मचाऱ्यांनाही युनिक्स अपरिचित नाही. 1984 च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर शाखांमध्ये जे संगणक आले, त्यांपैकी अनेक याच प्रणालीवर चालत. आपण तिच्याकडून खतावण्या लिहून घेतल्या. तिच्याकडून सूरही काढता येतील, हे आपल्या मनात आले नाही इतकेच.

नोकरी एकीकडे आणि नादाचे प्रयोग दुसरीकडे, ही परंपराही आपल्याकडे आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे त्यांनी श्रुतींचे मोजमाप केले आणि 1910 मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी ई. क्लेमेंट्स हे न्यायाधीश होते. देवलांचे सगळे निष्कर्ष पुढील पंडितांनी मान्य केले नाहीत; परंतु महसुली कामात मुरलेल्या माणसाची मोजण्याची शिस्त संगीताच्या कामी आली, हे कोणी नाकारणार नाही.

टंचाई कशाची?

साधनांची टंचाई हा पूर्वी खरा अडसर होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभी राहिली. गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी तेथे प्रयोग केले. परंतु सारी मदार परदेशातून आणलेल्या एका महागड्या यंत्रावर होती. काही वर्षांतच ते काम थंडावले आणि त्या ध्वनिफिती जगापुढे येण्यास 2023 साल उजाडावे लागले. आज तशी स्थिती नाही. लिनक्स विनामूल्य आहे. बॅरी व्हर्को यांचे ‘सीसाउंड’ किंवा मिलर पकेट यांचे ‘प्युअर डेटा’ ही ध्वनिनिर्मितीची साधनेही विनामूल्य आहेत आणि दहा वर्षांच्या जुन्या संगणकावर ती सुखाने चालतात. खरी टंचाई आहे ती वेळेची आणि परवानगीची.

वेळेपुरते बोलावयाचे तर माझी चूक तांत्रिक होती. मी दोन्ही छंद एकमेकांचे पर्याय धरले. वस्तुतः ते पूरक होते: चहा आणि साखर यांच्यासारखे. शिवाय कोणत्याही कामाचा पाचवा तास पहिल्या तासाइतके फळ देत नाही, हा नियम मीच शिकवितो. संगणकापुढचा थकलेला पाचवा तास ढोलकीला दिला, तर नुकसान नाममात्र होते.

याचा अर्थ दोन नाद फुकट सांभाळता येतात, असा मात्र नाही. जत्रांचा चैत्र-वैशाख आणि परीक्षा एकाच वेळी येतात; तेव्हा काहीतरी बाजूला ठेवावेच लागते. आता तो मुलगा परीक्षेआधी दीड महिना नवा प्रयोग हाती घेत नाही. ढोलकीचा अर्धा तास मात्र मोडत नाही. कारण संगणकातील काम वहीत नोंदवून थांबविता येते, पण हाताची सवय तशी राखून ठेवता येत नाही. राहिलेला पेपर त्याने सोडविला. गुण बेताचेच पडले. चमत्कार झाला, असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही.

परवानगीचा प्रश्न आपला आहे. अनेक महाविद्यालयांत संगणककक्षाला पाचच्या ठोक्याला कुलूप लागते आणि संगीत स्नेहसंमेलनाच्या आठवड्यापुरते आठवते. आठवड्यातून दोन संध्याकाळी कक्ष उघडा ठेवला, एक जबाबदार शिक्षक तेथे बसविला आणि गावातील एखाद्या वादकाला सन्मानाने बोलाविले, तर खर्च किती येईल? विजेचे बिल आणि चहा. मी आमच्या संस्थेकडे तसा अर्ज केला आहे, आणि बसणाऱ्या शिक्षकाच्या जागी स्वतःचे नाव घातले आहे.

मुलाच्या चुलत्यांनी येण्याचे कबूल केले आहे. त्यांची अट एकच आहे: यंत्राची थाप वेळेवर पडली पाहिजे.