भोकांत मोडलेला टॅप

टॅप म्हटला कीं आमच्या वाचक भगिनींच्या डोळ्यांपुढें मोरीवरचा नळ उभा राहील. कारखान्यांतील टॅप मात्र निराळा. धातूंत भोक पाडून त्याच्या आंतल्या अंगास स्क्रूसाठीं आटे पाडावे लागतात. ते पाडण्याचें जें पोलादी हत्यार, त्यास टॅप म्हणतात. चार मिलिमीटरच्या स्क्रूकरितां आधीं ३.३ मिलिमीटरचें भोक घेतात व मग हें हत्यार हलक्या हातानें त्यांत फिरवितात. एवढ्याशा जिवाच्या अंगावर पुन्हां चुरा निघून जाण्यासाठीं उभ्या खांचा कोरलेल्या. तेव्हां तें किती नाजूक असेल याची कल्पना करावी.

हें हत्यार मोडलें म्हणजे काय अनर्थ ओढवतो तें गेल्या पावसाळ्यांत आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें. सिडकोची स्थापना १९७० सालची. पण नवी मुंबई वसूं लागण्यापूर्वींच ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनें कारखाने आले होते. त्याच पट्ट्यांत, रबाळ्यास, आमच्या पुतण्याचा एक लहानसा गाळा आहे. घरांतील वडील मंडळींनीं आपल्या ठेवी मोडून त्यास तो उभा करून दिला. प्लॅस्टिकच्या डब्यांचा एक पोलादी साचा तीन आठवडे खपून सिद्ध झाला होता आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो गिऱ्हाइकाच्या हवालीं करावयाचा होता. सोळा भोकांपैकीं तीन भोकांचे आटे तेवढे उरले होते. पुतण्या पदवीधर खरा, पण हाताला घाई फार. 'टक्' असा बारीक आवाज झाला. टॅपाचें वरचें टोक त्याच्या हातांत राहिलें आणि उरलेला तुकडा साच्याच्या पोटांत!

त्यानें तत्काळ ड्रिल उचललें. इतक्यांत गाळ्यांतले वृद्ध मिस्त्री, ज्यांस सारे मामा म्हणतात, पुढें आले.

"साहेब, आधीं हात काढा. ड्रिल लावाल तर साचा जाईल."

काट्यानें काटा काढावा हें खरें, पण येथें तें लागू पडत नाहीं. टॅप व ड्रिल दोन्ही एकाच जातीच्या हायस्पीड पोलादाचीं. रॉकवेल मापाच्या 'सी' पट्टीवर दोहोंचा कठीणपणा ६२ च्या आसपास किंवा वर. ड्रिल टॅपास खात नाहीं. त्यावरून घसरतें आणि शेजारच्या मऊ धातूंत शिरतें. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मामांनीं प्रथम हवेनें चुरा उडविला, तेलाचे दोन थेंब सोडले आणि टॅपाच्या खांचांत उतरणारीं बारीक पोलादी बोटें असलेलें एक साधन आणून तुकडा किंचित् मागें, किंचित् पुढें असा हलवून पाहिला. ही रीत साधली तर सर्वांत उत्तम; कारण आला त्या वाटेनें टॅप परत जातो. पण चुरा आंत घट्ट बसलेला. एक बोट वांकलें, तुकडा हलेना. तुकडा थोडा वर डोकावत असता तर त्यावर नट जोडून पान्यानें फिरवितां आला असता. तोही मार्ग येथें बंद.

घड्याळजींची एक युक्ति येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पितळी चकतींत पोलादी स्क्रू मोडला कीं ते ती चकती तुरटीच्या पाण्यांत उकळतात. कित्येक तासांनीं पोलाद विरघळून जातें, पितळेला ढका लागत नाहीं. परंतु आमचा साचाच पोलादाचा; तुरटीला आपपर कसें कळावें?

मग साचा टेंपोंत घालून महाप्याला एका गाळ्यांत नेला. तेथें ठिणग्यांनीं धातू झिजविण्याचें यंत्र होतें. कारखान्यांतून त्यास नुसतें 'स्पार्क' म्हणतात. साचा तेलांत बुडवितात. भोकाहून बारीक अशी तांब्याची सळी टॅपाच्या अगदीं जवळ आणतात, पण टेकूं देत नाहींत. मधल्या केसाएवढ्या अंतरांतून दर सेकंदास हजारों ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगीपाशीं उष्णता आठ ते बारा हजार अंश, आणि प्रत्येक ठिणगी धातूचा एक कण उडवून नेते. या यंत्राला पोलादाच्या कठीणपणाची पर्वा नाहीं.

याचा इतिहासही मौजेचा आहे. १९४३ च्या सुमारास रशियांत बोरिस व नताल्या लाझारेन्को हें दांपत्य विजेच्या स्विचांचे टंगस्टनी संपर्क ठिणग्यांनीं झिजतात, त्यास आळा कसा घालावा याच्या मागें होतें. झीज थांबेना, परंतु तेलांत ती अधिक नियमित होते असें दिसलें, तेव्हां त्यांनीं त्या झिजेसच कामाला जुंपलें. त्याच सुमारास अमेरिकेंत स्टार्क, हार्डिंग व बीव्हर हे तिघे झडपांच्या सांगाड्यांत मोडलेले टॅप व ड्रिलें काढण्यासाठीं ठिणगीचाच उपयोग करूं लागले होते. आमच्या पुतण्याची ती रात्रीची विवंचना एका यंत्राची जन्मकथाच होती म्हणावयाची!

दीड तास आम्ही त्या निळसर ठिणग्यांकडे पाहत बसलों. टॅपाचा गाभा तेवढा गेला. कडेचे सुटे तुकडे मामांनीं चिमट्यानें उचलले, नवा टॅप फिरवून आटे साफ केले आणि स्क्रू बोटानें आंत सोडला. तो तळापर्यंत बसला.

रबाळ्याला परतेतों दहा वाजून गेले होते. दोन भोकें अजून बाकी होतीं. मामांनीं टॅप पुतण्याच्या हातीं दिला.

"तुम्हीच करा. अर्धा फेरा पुढें, पाव फेरा मागें, म्हणजे चुरा तुटतो. जड लागलें कीं थांबायचें, मला हांक मारायची."

पुतण्यानें तेलाचा थेंब सोडला. मामा पलीकडे चहा पीत बसले, पण कान इकडेच होता.