चष्मा की कॉन्टॅक्ट लेन्स?

नागपुरात सदरमधील चष्म्याच्या दुकानात ग्राहक बहुधा आरशात पाहून निवड करतो. विचार मात्र अश्रूंचा करावयास हवा. स्वच्छमंडल, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा, याला रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून. लेन्स याच थरावर तरंगते. मे महिन्यात येथे पारा अनेकदा ४५ अंशांपर्यंत चढतो. कोरड्या झळांनी हा थर सुकतो व लेन्स टोचू लागते. अशा वेळी दुचाकीस्वाराला चष्माच बरा. मात्र दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत असल्यास चष्म्यातून प्रतिमांचे आकार भिन्न भासतात. तेथे लेन्स सरस ठरते. ती नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये : पाण्यातील अकँथामीबा हा सूक्ष्मजीव स्वच्छमंडलात शिरल्यास दृष्टीही जाऊ शकते.