अणुभट्टींत फुगणारें पोलाद
स्टेनलेस स्टीलचें भांडें पिढ्यान्‌पिढ्या टिकतें, हा पुण्यांतील गृहिणींचा अनुभव. अणुभट्टींत मात्र याच जातीचें पोलाद फुगतें! स्कॉटलंडमधील डूनरे येथील भट्टींत हें आढळल्याचें १९६७ सालीं प्रसिद्ध झालें. वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्यानें धातूंतील अणु जागचे उडतात. मागें उरलेल्या रिकाम्या जागा एकत्र येऊन सूक्ष्म पोकळ्या बनतात. वजन तेंच राहतें, आकारमान वाढतें. इंधनाच्या नळ्या अशा फुगून वांकल्या, म्हणजे त्यांमधून वाहत उष्णता नेणाऱ्या द्रवरूप सोडियमची वाट अरुंद होते. म्हणून तमिळनाडूंतील कल्पाक्कमच्या वेगवान भट्टीसाठीं पोलादांत टिटॅनियम मिसळून नळ्या थंड स्थितींतच ओढून कठीण केल्या. या उपायानें फुगणें लांबतें, टळत नाहीं. नळ्या वेळींच बदलणें हेंच खरें शहाणपण.